चेकिंगकाकांचा संशय

लिफ्ट बंद असल्याची पाटी लावलेली असली तरी चेकिंगकाका बटण दाबून बघत. पाटी कालची असू शकते, असं त्यांचं म्हणणं. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार मालाची तपासणी केली होती. निवृत्त झाल्यावर ते कात्रपला आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले आणि तपासायला माल उरला नाही म्हणून आम्हालाच तपासू लागले. "मला बघायला आले तेव्हा यांनी माझी दहावीची मार्कशीट मागितली होती," काकू सांगत. काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणत, "मग? तुझ्या भावाने पाच मार्क वाढवून सांगितले होते."

मी जुनी टर्बो गाडी घेतली तेव्हा बाईमाणसाला एवढी पळणारी गाडी कशाला, असं बाकीच्यांनी विचारलं. काकांनी वेगळंच विचारलं. "विकताना मालक हळहळला का?"

"नाही. चावी देऊन लगेच गेला."

"मग त्याला काहीतरी माहीत आहे," काका म्हणाले.

वर्षभर गाडी छान चालली. कधी मी चालवायचे, कधी माझा धाकटा भाऊ निलेश. मग एके दिवशी अंबरनाथचा पूल चढताना मी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, आरपीएमचा काटा सर्रकन वर गेला आणि गाडी मात्र होती त्याच वेगात. जळका वासही आला. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "क्लच स्लिप होतोय, मॅडम. किसीने रेस लगाके जला दिया."

घरी येऊन मी गाडीभोवती फिरले. चाकांच्या आत लाल चिखल होता. मीटरवर मी न चालवलेले चाळीस किलोमीटर होते. गाडी आदल्या रविवारी सोनिवलीच्या नव्या रस्त्यावर दिसली होती, असं वॉचमन म्हणाला. त्या मोकळ्या रस्त्यावर रविवारी पोरं गाड्या पळवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सोनिवलीला गेला होतास?" मी निलेशला विचारलं.

"गेलो होतो."

"कशाला?"

"काम होतं."

"रेस लावलीस ना?"

"नाही गं ताई."

"मग काय काम होतं ते सांग."

त्याने सांगितलं नाही. मी आईसमोर त्याला खोटारडा म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो बॅग भरून कॅम्प चारमधल्या मित्राच्या खोलीवर निघून गेला. त्यानंतर मला त्याचं सगळंच संशयास्पद वाटू लागलं. त्याने मागे कधी उशीर केला होता, कोणाचा फोन गॅलरीत जाऊन घेतला होता, सगळं मी जुळवत बसले. सगळं जुळतही होतं. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची.

आमच्या बिल्डिंगमधला सर्वांत संशयी माणूस माझ्याच बाजूने उभा राहील, या खात्रीने मी काकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गॅरेजवाल्याने क्लच उघडला?"

"नाही."

"म्हणजे आत कोणीच बघितलं नाही, आणि पोरगा घराबाहेर," काका म्हणाले.

रविवारी सकाळी ते खाली आले. चाकांना पुढून-मागून विटा लावल्या, हँडब्रेक ओढून घेतला आणि मला आत बसवलं. "चौथा गिअर टाक. आता क्लच हळूहळू सोड. क्लच धड असेल तर इंजिन धक्का देऊन बंद पडेल." मी पाय पूर्ण उचलला. इंजिन आरामात चालूच राहिलं.

"स्लिप होतोय हे खरं," काका म्हणाले. "पण का होतोय, ते याने कळत नाही." मग त्यांनी पट्टी लावून पेडल किती ढिलं आहे ते मोजलं. ते बरोबर निघालं, म्हणजे दोष पेडलचा नव्हता. शेवटी जुना पेपर अंथरून, टॉर्च घेऊन ते गाडीखाली सरकले. बाहेर आले तेव्हा बोटाला काळं तेल होतं. त्यांनी ते हुंगलं. "इंजिनचं ऑइल. गिअरबॉक्सचं असतं तर कुजका वास आला असता."

"म्हणजे निलेशने नाही केलं?"

"असं मी कुठे म्हटलं? अजून उघडलंय कुठे!"

गॅरेजमध्ये गिअरबॉक्स खाली उतरेपर्यंत ते स्टुलावरून हलले नाहीत. गॅरेजवाला वैतागला. "काका, भरोसा नहीं क्या?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या अंदाजावर नाही."

क्लचची प्लेट बाहेर आली ती काळी, तेलाने चकाकणारी. काकांनी खिशातून व्हर्नियर काढून तिची जाडी तीन ठिकाणी मोजली आणि मला जवळ बोलावलं. "रेस लावून जळली असती तर हे अस्तर झिजून पातळ झालं असतं. हे तर जवळजवळ नव्याएवढं जाड आहे. इंजिनच्या मागचं सील गळतंय. ऑइल प्लेटवर आलं, मग ती पकडणार कशी?"

गॅरेजवाल्याने प्लेट हातात घेऊन उलटसुलट बघितली. "सही है, काका. मेरी गलती."

"म्हणजे तो खरं बोलत होता," मी म्हणाले.

काका चिंधीने हात पुसत होते. "क्लच त्याने जाळला नाही, एवढंच प्लेट सांगते. सोनिवलीला तो कशाला गेला ते तिला काय माहीत? ते त्याला विचार. आधी वस्तू तपासायची पोरी, मग माणूस. तू उलटं केलंस."

मित्राची खोली दोन गल्ल्या सोडून होती. निलेशने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. मी दारातच माफी मागितली. त्याने चपला पायात सरकवल्या आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. मग बोलला. त्याच्या ऑफिसात रेश्मा नावाची मुलगी होती, सिंधी घरातली. दोघं लग्न करणार होते आणि त्या रविवारी तो तिला उल्हासनगरहून घेऊन सोनिवलीला फ्लॅट बघायला गेला होता. ती तिच्या घरी सांगेपर्यंत आपल्या घरी बोलायचं नाही, असा त्याने तिला शब्द दिला होता.

"मला तरी सांगायचंस," मी म्हणाले.

"तू विचारत कुठे होतीस, ताई? तू तर मलाच सांगत होतीस, मी काय केलं ते."

त्या संध्याकाळी तो घरी आला. आईने त्याला वाढलं, आणि किती दिवसांनी माझंही ताट शेजारी मांडलं.

पुढे निलेशचं रेश्माशी लग्न झालं, तो सोनिवलीला राहायला गेला. काका-काकू मुलीकडे नाशिकला गेले. तिथून दर रविवारी काकांचा फोन यायचा. "भावाशी बोललीस या आठवड्यात?" मी हो म्हटलं की ते फोन ठेवत आणि लगेच निलेशला लावत, मी खरं बोलले का ते बघायला. निलेश हसत हसत मला सांगायचा. दोन-तीनदा मी न बोलताच हो म्हटलं होतं, आणि पकडली गेले होते.

गेल्या मार्चमध्ये काका वारले. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी, त्यांच्या फोनच्या वेळेला, मी निलेशला फोन लावला. एका रिंगमध्येच त्याने उचलला. "तुलाच लावत होतो," म्हणाला.