खऱ्या नऊ ओळी

लुंबिनी शनिवारी हजेरी भरते. एकशे अकरा मुलांची, सहा दिवसांची, एका बैठकीत.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला समजेना. ती प्रयोगशाळेच्या टेबलापाशी बसली होती. चपला काढून ठेवल्या होत्या. पुढे हजेरीपट, हातात निळा पेन. एका रांगेत ती खुणा करत चालली होती. हजर, हजर, हजर. चेहऱ्यावर काही नव्हतं. भांडी घासताना असतो तसा चेहरा.

"ही मुलं कुठं आहेत?" मी विचारलं.

"लातूरला."

"सगळी?"

"सगळी."

हे कनिष्ठ महाविद्यालय लोह्याच्या पुढे आठ किलोमीटरवर आहे. बारावी विज्ञानच्या पटावर एकशे वीस मुलं. वर्गात येतात नऊ. बाकीची लातूरला खोल्या करून राहतात, सकाळ-संध्याकाळ खासगी शिकवणीला जातात. त्यांना डॉक्टर व्हायचं असतं. नाव मात्र इथं असतं, कारण परीक्षेला बसायला कुठंतरी नाव लागतं आणि पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. ती हजेरी लुंबिनी देते. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आईबापांना नाही, संस्थेलाही नाही.

"ही मुलं आजारीबिजारी पडत नाहीत का कधी?" मी म्हणाले.

"मी पाडते अधूनमधून. सगळ्यांची पूर्ण हजेरी बरी दिसत नाही." तिनं एका नावावर बोट ठेवलं. "हा आदिनाथ. याला मागच्या महिन्यात दोन दिवस ताप आणला."

"आणि येतात ती नऊ?"

"त्यांची रोज घेते. वर्गात. नाव घेऊन."

लुंबिनी आणि मी अकरावीला एका बाकावर बसायचो. नंतर मी मराठीकडे गेले, ती रसायनशास्त्राकडे. तिचे वडील एस. टी.च्या कार्यशाळेत होते. घरात एम.एस्सी. झालेली ती पहिली. गेली चार वर्षं ती इथं तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे कायम नाही. दर जूनला नव्यानं अर्ज करायचा आणि वाट पाहायची. नांदेडहून लोह्यापर्यंत एस. टी., पुढे काळीपिवळी. तिच्या पांढऱ्या ॲप्रनला आम्लानं पडलेली भोकं आहेत. बसमध्ये ती बसल्याबसल्या झोपते आणि लोह्याच्या अलीकडे बरोबर जागी होते. त्या डिसेंबरात मला काही काम नव्हतं. घरात बसून कंटाळले होते. तिच्याबरोबर जायला लागले.

त्या नऊ जणांत एक वर्षाराणी होती. शेजारच्या वस्तीवरून चालत यायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिची आई चतुराबाई गोठ्यात घसरली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत सळई बसली. वर्षाराणी दिवाळीपर्यंत घरीच होती. स्वयंपाक, म्हैस, आईचं सगळं तिच्यावरच. लुंबिनी रोज वर्गात नाव घ्यायची. उत्तर यायचं नाही. ती गैरहजर लिहायची.

डिसेंबरात टक्केवारी काढली. वर्षाराणीची एकोणसाठ भरली.

प्राचार्य भुजंग सरांनी लुंबिनीला बोलावलं. मी दाराशी उभी होते. सर माणूस वाईट नाहीत. डबा उघडला की समोरच्याला आधी विचारतात.

"बाई, एकशे वीसात एकच पोरगी कमी पडली."

"हो सर."

"अन् ती पण रोज येणारी."

"हो सर."

"लातूरवाले सगळे बसणार अन् गावातली पोरगी घरी बसणार. लोकं जोड्यानं हाणतील की मला."

लुंबिनीनं पट उघडून वर्षाराणीची ओळ पुढे केली.

"तवाच हजर लावून टाकायची ना तिला."

"ती आली नव्हती सर."

"मग बाकीचे आले होते का?"

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. लुंबिनीनं पट मिटला.

आता खाडाखोड करता येत नव्हती. दिवाळीनंतर तपासणी झाली होती. त्या दिवसापुरती लातूरची मुलं आठ-दहा क्रूझर जीप भरून आली होती. मागच्या सगळ्या पानांवर शिक्के बसले होते. न आलेली हजर होती, ती पक्की झाली. वर्षाराणी गैरहजर होती, तीही पक्की झाली.

एक वाट होती. चोवीस दिवसांची तूट जादा तासिका घेऊन भरून काढायची. बुडालेले अकरा प्रयोगही करून घ्यायचे. त्याचं वेगळं रजिस्टर, मुलीची रोजची सही, पालकाचं पत्र. तो प्रस्ताव पाच जानेवारीला लातूरला, मंडळात पोचायला हवा. नाहीतर हॉल तिकीट नाही.

"आज अकरा तारीख," भुजंग सर बोटं मोजत म्हणाले. "उद्यापासून धरलं तर चार जानेवारीला चोवीस होतात. रविवार, नाताळ, सगळं धरून. जमतंय का बघा. माझा काही आग्रह न्हाई."

वर्षाराणीचं वर्ष गेलं असतं तर ते पुन्हा येणार नव्हतं. अहमदपूरकडचं एक स्थळ तिच्या वडिलांनी बारावीसाठी थांबवून ठेवलं होतं. परीक्षाच नाही म्हटल्यावर थांबायला कारण उरत नव्हतं. हे तिनंच आम्हाला सांगितलं, बीकर धुताधुता. मग म्हणाली, "मुलगा बरा हाय म्हणे. मी न्हाई पाहिला."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सव्वासहाची बस धरली. आठ ते साडेदहा जादा तासिका, मग कॉलेजचे नेहमीचे तास. प्रयोगशाळेच्या खिडकीला दोन काचा नव्हत्या. वर्षाराणी स्वेटरवर ओढणी बांधून ब्युरेटसमोर उभी राहायची. अंगाला चुलीच्या धुराचा वास यायचा.

"हात स्थिर ठेव," लुंबिनी म्हणायची. "घाबरू नको."

"थंडीनं हालून राहिला मॅडम. भीतीनं न्हाई."

"बरं. मग थंडीनं हलवू नको."

हसणं एवढंच. बाकी काम. एक प्रयोग दोनदा चुकला तर लुंबिनी तिसऱ्यांदा लावायची. निरीक्षणं स्वतः लिहून देत नव्हती. मी एकदा म्हटलं, जर्नल मी लिहून काढते, माझं अक्षर चांगलं आहे. ती म्हणाली, "तू चहा सांगून ये."

लुंबिनीच्या घरून फोन यायचे. रविवारी पाहुणे तिला बघायला येणार होते. तिनं ते पुढच्या रविवारवर ढकललं, मग त्याच्याही पुढच्या. प्राध्यापकीच्या सेट परीक्षेची पुस्तकं तिच्या पिशवीत असायची. ती बाहेर निघताना मी पाहिली नाहीत. तेविसाव्या दिवशी ती परतीच्या बसमध्ये लोह्यालाच झोपली आणि नांदेडला वाहकानं हाक मारली तरी उठली नाही. मी दंड धरून उठवलं. तिचे डोळे लाल होते. "उद्या शेवटचा," ती म्हणाली.

चार जानेवारीला आम्ही लोह्याच्या स्थानकावर उतरलो तेव्हा साडेसात झाले होते. लुंबिनीचा फोन वाजला. वर्षाराणी बोलत होती, वडिलांच्या फोनवरून.

"मॅडम, आईचा पाय लई सुजला. पहाटंच नांदेडला आणलं. दवाखान्यात हाओत आम्ही. आज येणं होत न्हाई."

लुंबिनीनं फोन खिशात ठेवला आणि स्थानकातल्या बाकावर बसली.

"लाव तिला हजर," मी म्हणाले. "सही उद्या सकाळी घे. कोण बघतंय?"

ती नांदेडच्या बसची पाटी शोधू लागली.

"लुंबिनी, तू दर शनिवारी एकशे अकरा खोट्या लावतेस. ही एक."

"म्हणूनच," ती म्हणाली. "त्या पटात नऊ ओळी खऱ्या आहेत उज्वला. नऊच. त्यातली एक खोटी केली की मग मी कशाची मास्तरीण?"

ती उठली आणि नांदेडच्या बसमध्ये जाऊन बसली. मी मागे गेले.

दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात बसायला जागा नव्हती. चतुराबाई चाकाच्या खुर्चीत होती, पाय समोर लांब केलेला. वर्षाराणीचे वडील केसपेपरच्या रांगेत. आम्हाला बघून वर्षाराणी उभी राहिली. तिला वाटलं, आम्ही आईला बघायला आलो.

"पुस्तक आणलंस?" लुंबिनीनं विचारलं.

"न्हाई मॅडम."

"माझं आहे. शेवटचं प्रकरण राहिलंय. बस."

भिंतीला टेकून त्या दोघी फरशीवर बसल्या. प्रकरण पॉलिमरचं होतं. लुंबिनी हळू आवाजात शिकवत होती. आजूबाजूला पोरं रडत होती, नंबर पुकारले जात होते. एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं, "नर्सिंगचं शिकवून राहिली का ती?" मी मान हलवली. हो म्हटलं की नाही, मलाच कळलं नाही.

चतुराबाई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाई, तुमाला घरदार हाय का न्हाई?"

"आहे ना. इथंच, नांदेडला."

"मग आज घरी ऱ्हायचं की. आमी तुमच्या गावात, तर तुमी आमच्या गावाला जाऊन आल्या म्हणं."

"हो ना. चुकलंच माझं."

"चुकलं काय," चतुराबाई म्हणाली. "पोरगी माझी, पाय माझा. अन् हेलपाटा तुमाला."

एक्स-रेसाठी नंबर लागला. वर्षाराणी खुर्ची ढकलत निघाली. लुंबिनी पुस्तक धरून तिच्या बाजूनं चालत राहिली, बोलत राहिली. दाराशी त्यांना थांबवलं. तेवढ्या वेळात एक प्रश्न विचारून झाला. वर्षाराणीनं उत्तर दिलं. अर्धं चूक होतं. लुंबिनीनं तिथंच दुरुस्त करून घेतलं.

साडेबाराला रजिस्टर काढलं. तारीख, विषय, घटक, सही. शेवटचा रकाना स्थळाचा होता. तेवीस दिवस तिथं "प्रयोगशाळा" लिहिलेलं होतं. लुंबिनीनं लिहिलं, "नांदेड, दवाखाना, बाह्यरुग्ण विभाग."

दुसऱ्या दिवशी भुजंग सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"बाई, हे काय लिहिलं?"

"तास तिथं झाला सर."

"झाला असंल. लिहायचं कशाला? एवढ्या एका शब्दावरून प्रस्ताव परत आला म्हणजे?"

"तास कुठं घ्यायचा, हे नियमात कुठं दिलेलं नाही सर. मी वाचलाय."

सरांनी तो रकाना पुन्हा वाचला. मग सही केली. "कुणी विचारलं तर माझ्याकडं बोट दाखवू नका बरं का," ते म्हणाले, आणि त्याच सकाळी माणूस देऊन फाईल लातूरला पाठवली.

पुढचे अठरा दिवस काही कळलं नाही. लुंबिनी कारकुनाला रोज विचारायची. वर्षाराणी विचारायची नाही. ती फक्त लुंबिनीच्या तोंडाकडे बघायची आणि जागेवर जाऊन बसायची.

हॉल तिकिटं आली. एकशे वीस. कारकुनानं मोजून दाखवली. वर्षाराणीनं तिचं घेतलं, उलटसुलट पाहिलं, ओढणीत गुंडाळलं आणि घरी म्हशीचं बघायचं म्हणून निघून गेली. आभार वगैरे काही नाही. लुंबिनी खुर्चीवर बसली ती तासभर उठली नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेला लातूरची मुलं आली. चांगले बूट, नवे ॲप्रन, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. लुंबिनीला कुणी ओळखत नव्हतं. एकानं वर्षाराणीला विचारलं, "ब्युरेट स्टँड कुठं असतो गं इथं?" तिनं दाखवला. मग दुसऱ्यानं पिपेट विचारलं. मग तिसऱ्यानं विचारलं, काय करायचं असतं. तिनं आपला प्रयोग बाजूला ठेवून तेही सांगितलं. लुंबिनी लांबून म्हणाली, "वर्षाराणी, स्वतःचं कर."

गुण सगळ्यांना साधारण सारखेच पडणार होते. ते तिथं सगळ्यांना माहीत होतं. लुंबिनीला माहीत होतं, मला माहीत होतं, मला वाटतं वर्षाराणीलाही होतं. मला लुंबिनीचे ते चोवीस दिवस आठवले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

परीक्षा संपली. क्रूझर भरल्या आणि गेल्या. प्रयोगशाळेत लुंबिनी एकटी परीक्षानळ्या गोळा करत होती. वर्षाराणी दारात आली.

"मॅडम, माझं सॉल्ट निघालं."

"काय होतं?"

"अमोनियम क्लोराईड. कुणाला न विचारता."

"वास आला?"

"लई. डोळ्यातून पाणी आलं."

लुंबिनीनं कोपऱ्यातली बादली पुढे सरकवली. "बरोबर आहे," ती म्हणाली. "हात धू आधी. आणि घरी गेल्यावर परत धू. लगेच चुलीपाशी बसू नको."