शेवयाच्या मशीनवरचं नाव

जुनं मशीन म्हणल्यावर तुमी म्हणाल, आता हे पोरगं त्याच्या पोटातून सोन्याची अंगठी काढतंय. न्हाई. निघाला वाळलेल्या पिठाचा दगडावाणी गोळा अन् एक मेलेलं झुरळ. वरून मी चोर ठरलो, ते येगळंच!

गोरेगावात आमच्या गल्लीत तवा शेवयाचं मशीन एकच, शेजारच्या काकूचं. उन्हाळा लागला की माय तिच्या दारात. काकू पदर झटकून म्हणायची, "मशीन व्हय? बहिणीकडं गेलंय बाई." मी घरी येऊन तस्साच पदर झटकायचो, माय पोट धरून हसायची. त्या साली मात्र हसली न्हाई. ताईचं नवं लग्न, सासरी शेवयाचा डबा धाडायचा, अन् मशीनचा पत्ता न्हाई.

सुट्टीत मी मंडपवाल्याच्या खुर्च्या उचलल्या होत्या. ते पैसे घेतले अन् जीपनं हिंगोली गाठली. भंगाराच्या ढिगात, सायकलच्या रिमखाली, पितळेचं मशीन! भंगारवाला म्हणला, "ले जा बेटा, पुराना माल है. तेरे पोते भी सेवई खायेंगे."

मायनं ते चिंचेनं घासलं, लाकडी बाकाला आवळलं. मी दांडा फिरवायचो, माय वरून पीठ दाबायची. काय शेवया पडून राहिल्या! केसावाणी बारीक. गल्ली बघायला आली. काकूही आली. मशीनभोवती फिरली, वाकली, अन् बुडाशी कोरलेल्या नावावर बोट ठेवलं.

"हे तर माझ्या मायचं नाव हाय! मला लग्नात दिलं होतं तिनं."

आपल्याकडं भांड्यावरचं नाव म्हणजे सातबारा. त्याच्यापुढं कोणाचं काही चालत न्हाई. आमी ते नाव पाहिलं होतं, पण जुन्या मालावर कोणाचं तरी नाव असणारच ना!

"काकू, मी इकत आणलंय, हिंगोलीहून."

"व्हय का? माझ्या माळ्यावरून मशीन जीपमदी बसून हिंगोलीला गेलं व्हय रे?"

"पण तुमीच म्हणल्या, बहिणीकडं हाय म्हणून!"

बाया माझ्याकडंच बघून राहिल्या. ज्या बाईचं खोटं उघडं पडलं, तिच्याकडं कोणी बघंना! मायनं स्क्रू ढिला केला अन् पिठासगट मशीन काकूच्या हातात दिलं. "घेऊन जा बाई. नाव तुझ्या मायचं हाय." खुर्च्या उचलून खांदे माझे सोलले, त्याचं काहीच न्हाई?

दुसऱ्या दिवशी तडक भंगारवाला गाठला. तो म्हणला, "अरे, तुम्हारे गाँव का ही आदमी था. कान पे बिडी, हर बात पे 'बराबर हाय, बराबर हाय'."

काका! काकूचा खुद्द नवरा! माळा साफ कर म्हणली असंल ती, अन् यानं मशीनच साफ केलं.

संध्याकाळी हापशावर सगळ्या बाया पाण्याला. मी कानावर काडी खोचली अन् काकाचा आवाज काढला, "ह्ये मशीन बी घे. बराबर हाय. घरी बायकोला कळू देऊ नको. बराबर हाय." हापसा थांबला. बाया घागरी खाली ठेवून हसल्या. काकू मागंच उभी होती. ती तशीच घरी गेली, अन् पुढं तिच्या घरात जे झालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

मला वाटलं, माय आता पाठ थोपटंल. मायनं कान धरला.

"लई शाना झालास! अर्धं पीठ तसंच पडलंय, ताईचा डबा रिकामा हाय, अन् तू चारचौघीत तिच्या नवऱ्याची सोंगं काढून राहिला? खरं कळलं होतं तर आधी मला काहून न्हाई सांगितलं? मी गुपचूप तिच्या कानात घातलं असतं. लाजंनं तिनं स्वतः मशीन आणून दिलं असतं. आता कोणत्या तोंडानं मागू? बोल की! हापशावर तर लई बोलत होतास!"