बकारामने दिलेली एन्ट्री

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात राजा कोण, खलनायक कोण, हे गावोगावच्या पोस्टरवर छापलेलं असतं. त्या राजाला विंगेतून रंगमंचावर कोण ढकलतं, हे कुठंच छापत नाहीत. वडशाच्या एका कंपनीत हे काम अर्जुनी मोरगावकडच्या बकारामकडे होतं.

दिवसा तो कंपनीची गाडी चालवायचा, रात्री पडदा ओढायचा आणि उरलेला वेळ विंगेत उभा राहायचा. नव्या नटाचे पाय ऐन वेळी विंगेतच रुजले, की बकाराम चपला काढायचा, कारण रंगमंचाजवळ चप्पल चालत नाही. मग मागून जाऊन दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने एक धक्का द्यायचा. नट उजेडात जायचा, आणि एकदा उजेडात गेलेला माणूस परत फिरत नाही, बोलायलाच लागतो. या तळहाताने किती राजे गादीवर बसवले, किती सुना सासरी पाठवल्या, याचा हिशेब नाही. बकारामला स्वतःला कधी टाळी पडली नाही. त्याने ती मागितलीही नाही.

होळी झाली की नाटकं थांबतात आणि गाडी चिंचेखाली उभी राहते. अशाच एका मे महिन्यात त्याची नात हर्षा बोदलकशाहून आली. सोबत दोन मित्र होते. गुड्डू गोंदियात मोबाईलचे कव्हर विकायचा, आणि निशा त्याला ते विकू द्यायची नाही, कारण दुकानात येऊन ती सारखी स्केटबोर्डच्याच गप्पा मारायची. तिघांनी त्या चाकांच्या फळीवर उभं राहणं बोदलकशाच्या तलावाच्या सांडव्यावर शिकून घेतलं होतं. उन्हाळ्यात सांडवा कोरडा असतो आणि सिमेंट गुळगुळीत.

"आबाजी, नेपाळले जायचं आहे," हर्षा म्हणाली. "पोखऱ्याले स्केटपार्क आहे. तिथं एक खोल बोल आहे, त्यात मले उतरायचं आहे. जूनपासून नर्सिंगचा कोर्स सुरू होते. मंग कोन जाऊ देते?"

"मायनं काय म्हनलं?"

"आबाजी येत असन तरच जाजो म्हने."

"बोल म्हंजे काय?"

"सिमेंटची बोडी समज. लहान तलावच, पन कोरडा. वरून आत उतरायचं, समोरून वर निघायचं."

"कायले?"

हर्षाने बराच विचार केला. "सांडव्यावरून उतरता येते, पन वर येता येत नाई," ती म्हणाली.

बकारामला हे पटलं. मालकाला विचारून त्याने डिझेल भरलं.

कंपनीच्या रंगवलेल्या पडद्यांना ठेवायला कोरडी जागा नव्हती, म्हणून ते वर्षभर गाडीतच असत. तसेच ते सीमेपर्यंत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने हिंदीत विचारलं, गाडीत काय आहे.

"राजमहल," बकाराम म्हणाला.

"और?"

"जंगल. और एक जेल."

अधिकाऱ्याने जेल गजांपर्यंत उलगडून पाहिला आणि परत गुंडाळायला लावला. जेलवर काही कर बसला नाही.

नेपाळात ते कुठंही मुक्काम करत. नदीकाठ दिसला की गाडी थांबायची. बकाराम जवळच्या घरी जाऊन विचारून यायचा, आणि मग बांबूवर राजवाड्याचा पडदा ताणून त्याखाली चौघं झोपायचे. एका सकाळी जाग आली तर समोरच्या गवतावर गावातली दहा-बारा माणसं ओळीने बसलेली. पडदा लागला की खेळ होतो, एवढं माणसाला कोणत्याही देशात कळतं. त्यांना रिकाम्या हाताने पाठवणं बकारामच्या जिवावर आलं. त्याने गुड्डूला फळीवरून दोनदा कोलांटी खायला लावली. त्यातली एकच ठरलेली होती.

वाटेतल्या पहिल्या स्केटपार्कमध्ये गाई बसल्या होत्या. दुसऱ्यात जागा होती, पण उतार सांडव्याएवढेच. मग पोखरा आलं.

ती बोडी खरोखरच खोल होती. हर्षाने हेल्मेट घातलं, गुडघ्या-कोपरांना पॅड बांधले, काठावर फळीचं शेपूट मागच्या पायाखाली दाबलं. पुढची चाकं हवेत. आता पुढचा पाय ठेवून अंग पुढं टाकायचं, एवढंच. ती उभी राहिली, आणि उभीच राहिली. तिच्या मागून आलेली नेपाळी पोरं खाली जाऊन वर आली, चहा पिऊन आली. पहिला दिवस असाच गेला.

"कल करेगी," गुड्डू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निशाने घसा बसेपर्यंत समजावलं. हर्षा मान हलवायची आणि हलायची नाही. तिसऱ्या सकाळी परत निघायचं होतं.

बकाराम बाकावर बसून बघत होता. तिचे ओठ हलताहेत, अंगठा बोटावर घासतो आहे, नजर कुठंच नाही. हा चेहरा त्याला पाठ होता. या दुखण्यावर औषध एकच, आणि ते त्याच्या हातात होतं. तो उठला. त्याने चपला काढून काठाशी नीट ठेवल्या. मागून गेला आणि दोन खांद्यांच्या मधोमध धक्का दिला.

फळी आधी पोचली. हर्षा नंतर, बसून.

मग ती मनगट धरून वर आली. तळहाताचं कातडं सोललं होतं.

"आबाजी, काऊन ढकललं मले?"

"एन्ट्री देल्ली."

"मी तयार होऊन राहिली होती ना!"

"कवापासून?"

"कालपासून."

"आमच्या इथं येवढा टाइम भेटत नाई, बेटा. पब्लिक गोटे मारते."

"नाटकात खाली फळ्या असतात, आबाजी," निशा म्हणाली. "इथं खड्डा आहे."

बकारामने वाकून खड्ड्याकडे पाहिलं. ही गोष्ट त्याने खरंच हिशेबात धरली नव्हती. "हो," तो म्हणाला. "तो फरक आहे."

"तू गाडीमागं जाय," हर्षा म्हणाली. "तिकडं तोंड करून उभा राह्य. मी सांगतपर्यंत पलटू नको. गुड्डू, याले धरून ठेव. हा मागं असला तर मले उभं राहताच येत नाई."

बकाराम चपला हातात घेऊन गाडीमागे गेला. समोर पत्रा होता, त्यावर कंपनीचं नाव. गुड्डूने त्याचा दंड धरला.

विंगेतल्या माणसाला नाटक समोरून कधीच दिसत नाही. प्रयोग चढला की पडला, हे तो आवाजावरून ओळखतो. बकारामने कान लावले. शेपूट काठावर टेकलं, टक्. मग काहीच नाही. त्याचा तळहात आपोआप उघडला. गुड्डूने दंड घट्ट केला.

मग चाकांची घरघर सुटली, खाली गेली, बारीक झाली, आणि समोरून चढत परत मोठी झाली. नेपाळी पोरांनी फळ्या काठावर आपटल्या. दंडावरचा हात केव्हाच सुटला होता.

"दादाजी, उतर गई," गुड्डू म्हणाला.

"वर बी आली."

"आपने देखा?"

"नाई. पाहू नको म्हनलं ना तिनं."

घरघर पुन्हा सुरू झाली. हर्षा खाली गेली, वर आली, परत खाली गेली. निशा बसलेल्या घशाने हसत होती. गुड्डू आपली फळी घेऊन तिकडे धावला. बकाराम पत्र्याकडे तोंड करून उभा होता. ऊन डोक्यावर आलं, तरी त्याला पलट म्हणून सांगायची आठवण कोणालाच झाली नाही.