सावळीचा डावा डोळा

घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेच्या तबेल्यात तात्यांचा जन्म गेला. ते तिथले मोतद्दार. घोड्यांचं दाणापाणी, खरारा, आजारपण, सगळं त्यांच्याकडे. माणूस तिरसट. घरी बायकोशी कामापुरतं बोलायचे, पण सावळी नावाच्या घोडीशी त्यांच्या गप्पा संपायच्या नाहीत. बायको शेजारणीला सांगायची, "मला सवत आहे गं, फक्त चार पायांची."

एका सकाळी सावळी डावा डोळा मिटून उभी दिसली. गालावरून पाणी ओघळत होतं. गवताची काडी लागली असेल, असं तात्यांना वाटलं. काडीच लागली होती, पण गवत गंजीच्या तळचं, ओल धरलेलं होतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी डोळ्यात रंगाचा थेंब सोडला, तशी बुबुळावरची जखम दिव्याखाली हिरवी उजळली. तिच्यावरचा कण हलकेच खरवडून त्यांनी काचेवर घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले.

त्यांनी काही हातचं राखून ठेवलं नाही. बुरशी खोल गेली होती. औषधाला महिने लागतील आणि तरी डोळा वाचेलच असं नाही. डोळा काढून टाकला तर घोडी वेदनेतून लवकर सुटेल. शाळेच्या मालकीणबाई म्हणाल्या, तात्या सांगतील तसं करू.

"डोळा काढायचा नाही," तात्या म्हणाले. "मी औषध करतो. जिवाचं रान करीन."

"करणार तुम्ही, पण सोसणार ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढं लक्षात असू द्या."

डॉक्टरीणबाईंनी वरच्या पापणीतून एक बारीक नळी काढून ती आयाळीत गुंफली. लांबूनच पिचकारीने औषध सोडलं की डोळ्यात उतरायचं. काही दिवस हे बरं चाललं. मग सावळीने भिंतीला डोकं घासून नळी उपटली. पुन्हा बसवली, पुन्हा उपटली. शेवटी थेंब हातानेच घालायचे ठरले. औषध झोंबायचं. ती मान झटकायची, म्हणून तात्या वरच्या ओठाला दोरीचा पीळ देऊन तिला जखडायचे, सुजलेली पापणी बोटांनी उघडायचे आणि थेंब सोडायचे. दर थोड्या वेळाने हेच. घरचा डबा तसाच परत जायचा. बायको एकदा तबेल्यात आली, सगळं बघितलं आणि जाताना एवढंच म्हणाली, "अहो, ती तुम्हाला भ्यायला लागली आहे."

तात्यांनी ते मनावर घेतलं नाही. डोळा बरा झाला की सगळं विसरेल, असं ते धरून चालले होते. मधे बुबुळावरचा पांढरा डाग जरा आक्रसल्यासारखा झाला, तेव्हा ते घरी पोटभर जेवले. पण डाग पुन्हा पिवळट होऊन पसरला. सावळीने दाण्याला तोंड लावणं सोडलं. बरगड्या दिसू लागल्या. बुबुळ फुटायच्या बेताला आलं, तेव्हा तात्या स्वतःच डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "काढा."

डोळा काढला. जखम शिवल्यावर दुसऱ्याच दिवशी सावळी दाणा खाऊ लागली, इतकी तिची वेदना गेली होती. अंगावर मांस आलं, तुकतुकी आली. शिकाऊ स्वारांना पाठीवर घेऊन ती मैदानात पुन्हा चालू लागली. तात्यांच्या हाताखाली आलेला नवा मोतद्दार, मालकीणबाई, कुणीही जवळ जावं. ती मान पुढे करायची. फक्त तात्यांची चाहूल लागली की ती मागे सरकायची, कोपऱ्यात अंग चोरून थरथरत उभी राहायची. त्यांनी हाका मारून पाहिल्या, गाजरं पुढे केली. हात पुढे आला की तिची कातडी शहारायची.

डॉक्टरीणबाई त्यांची समजूत घालत म्हणाल्या, जनावर कधीकधी विसरतं.

"ती नाही विसरली," तात्या म्हणाले. "आणि तिचं काही चुकलेलं नाही."

त्यांनी मालकीणबाईंकडे तबेल्याची दुसरी ओळ मागून घेतली. तिथले घोडे ते नेमाने सांभाळत, पण त्यांच्याशी बोलत नसत. पाणी भरायला जाताना सावळीच्या दारावरून जवळची वाट होती. तात्या मात्र सगळ्या तबेल्याला वळसा घालून जायचे, हातात भरलेली बादली असली तरी.