‘आहुती’ पहिल्या पानावर

“आहुती नको, नाना. ‘जळून मृत्यू’ म्हणू या.”

“अहो, वाचकाच्या काळजाला भिडायला पाहिजे ना!”

नाना म्हणजे आमचे संपादक. मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. आलेल्या बातम्या नीट करायच्या, मथळे द्यायचे, हे माझं काम. त्या दुपारी चोपड्याजवळ एका जिनिंग मिलला आग लागली होती. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढणं. तिथे रुई हवेत उडत असते, एक ठिणगी पुरते. आतल्या सहा कामगारांपैकी कुणीच वाचलं नाही. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, असं आमच्या वार्ताहराने फोनवर सांगितलं. नानांनी स्वतः मथळा लिहिला: ‘जिनिंगच्या आगीत सहा कामगारांची आहुती’.

मी अडलो, त्याला कारण होतं. रविवारच्या पुरवणीसाठी मी ‘होलोकॉस्ट’ या शब्दावर टिपण लिहीत होतो. नाझी राजवटीने लाखो ज्यूंना मारलं, त्या संहाराला जगभर हा शब्द वापरतात. मूळ ग्रीक. ‘होलोस’ म्हणजे सगळं, ‘काउस्तोस’ म्हणजे जळालेलं. देवाला पूर्ण जाळून वाहिलेला बळी, हा त्याचा जुना अर्थ. म्हणूनच तो बऱ्याच ज्यूंना खुपतो. ते ‘शोआ’ म्हणतात. हिब्रूत त्याचा अर्थ सरळ आहे, विनाश.

“नाना, मारलेल्याला देवाला वाहिलं म्हटलं, की मारणारा पुजारी होतो. आपली आहुती तशीच. कुलूप मथळ्यात घेऊ.”

“पोलिसांनी म्हटलंय का कुलूप होतं म्हणून? आत राहू द्या ते, तिसऱ्या परिच्छेदात.”

नानांचंही अगदीच चुकत नव्हतं. पुरावा नव्हता. मथळा तसाच छापला गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. मिलच्या आवारात शोकसभा झाली, तिथे मलाच पाठवलं. फलकावर आमचं कात्रण चिकटवलेलं होतं. मालक बोलायला उठले. “या सहा जणांनी दिलेली आहुती आम्ही विसरणार नाही.” त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. कुलपाबद्दल कुणी बोललं नाही.

सभा संपल्यावर एक बाई माझ्यापाशी आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची, मेलेल्यांपैकी एकाची बायको. मी पेपरवाला, हे तिला कुणीतरी सांगितलं असावं.

“भाऊ, मना घरवालानी कोनले आहुती दिन्ही? दारले कुलूप व्हतं.”

तिच्या नवऱ्याने आहुती कुणाला दिली, हा तिचा प्रश्न मी वहीत उतरवला, खाली तिचं नाव लिहिलं.

ऑफिसात येऊन नानांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी आपलाच मथळा पुन्हा वाचला. मग म्हणाले, “उद्या कुलपावर घ्या. तिच्या नावानिशी.” आम्ही घेतलं. पण तोवर मिलची शेड पाडून जागा साफ झाली होती. दार नव्हतं, कुलूपही नव्हतं. चौकशीत अपघात ठरला. त्या बाईने गाव सोडलं म्हणतात. मी तिला पुन्हा भेटलो नाही.

मिलच्या फाटकाशी आता संगमरवरी पाटी आहे. सहा नावं आणि वर मोठ्या अक्षरात ‘आहुती’. मथळा दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, असं आम्ही डेस्कवरचे लोक एकमेकांना सांगत आलो. तसं नेहमीच होत नाही. माणसं मेल्यावर फार चांगला शब्द सुचला, तर तो कुणाच्या सोयीचा आहे हे छापण्याआधी बघून घ्यावं.