ट्रकचं मागचं चाक

ऑइल पेंटचा वास आला की माझे कान अजून गरम होतात बाई! राळेगावच्या घरी, लेक लग्नाची झाली तेव्हा, मी डब्याचा पत्रा कापून लांब नाकाचा जुन्या धाटणीचा ट्रक बनवून ऑइल पेंटनं रंगवला होता, माझे बाबा चालवायचे तसाच, पण हातभर. चाकं रबरी चपलेची, मोटर मोडक्या खेळण्यातली. शेतातल्या ढेकळांवर तो चढला पाहिजे, एवढाच माझा हट्ट. नवऱ्याचा जुना सदरा घालून मी अंगणात पालथी पडून त्याला शेतातून आणलेल्या ढेकळावर चढवत होते, आणि लेकीला पाहायला येणारे पाहुणे तासभर आधीच दारात! मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पोरीची आई कुठं हाय जी?" हे ध्यान पाहून सोयरीक मोडेल, या भीतीनं मी म्हटलं, "घरात हाय, पाठवतो," आणि मागल्या दारानं पळाले. लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन चहा आणला, तर त्यांनी एक चाक पुढं केलं. "मघाच्या बाईच्या गाडीचं निघून पडलं. तिले द्याल." ते हसलेसुद्धा नाहीत. मी मान डोलावली, तशी लेक म्हणाली, "आई, घे न वं. तुयीच गाडी हाय." सोयरीक जुळली. व्याही आजही आले की आधी ट्रक पाहायला मागतात; मी मात्र चहा सुनेच्या हाती पाठवते.