कानडी येते

“खोटं लिहिलंस तू.”

“खोटं नाही लिहिलं. फॉर्मवर विचारलं होतं, कानडी येते काय. मी लिहिलं, येते.”

“बोलता येते. वाचता येते का? लिहिता येते का?”

“ते कुठं विचारलं होतं त्यांनी?”

“शाळेचा फॉर्म आहे तो, शालिनी. शाळा तुला काय वांगी घासाघीस करून आणायला ठेवणार आहे?”

शालिनीबाईंनी वरवंटा आपटला. पाट्यावरचा उडदाच्या पिठाचा गोळा चपटा झाला. त्यांनी तो तेलाच्या हातानं उचलला, दुमडला आणि पुन्हा आपटला. पापडाचं पीठ जितकं कुटावं तितकं हलकं होतं. त्या दिवशीचं पीठ फारच हलकं झालं असणार.

समोर वादिराजराव उभे होते. नुकतेच ऑफिसातून आलेले, कोट अंगावर, हातात शाळेच्या कमिटीचं पत्र. ते विठ्ठलराव वकिलांचे कारकून, आणि विठ्ठलराव कमिटीवर. म्हणून पत्र टपालानं न येता त्यांच्या हातून आलं होतं.

“बघू ते पत्र.”

“काय बघणार? कानडीत आहे.”

“मग तुम्ही वाचून दाखवा.”

“काय आहे ते सांगितलं ना. जूनपासून तुमचे मराठी वर्ग बंद. कानडी दुसरी इयत्ता शिकवायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नाव मागं घ्यायचं, वीस तारखेच्या आत.” पत्राची घडी कोटाच्या आतल्या खिशात गेली. “मी राजीनामा लिहून देतो. तू सही कर. मानानं बाहेर पड.”

“आणि नाही केली सही?”

“तर एक तारखेला फळ्यापुढं उभी राहा आणि काय लिहितेस ते अख्ख्या हुबळीला दाखव. बारा वर्षांपूर्वी माझ्या शब्दावर घेतलंय तुला. हसतील ते मला हसतील.”

शालिनीबाई मिरजेच्या. मराठी सातवी झालेल्या, ट्रेनिंग घेतलेल्या, लग्न होऊन हुबळीला आल्या तेव्हा कानडीचा एक शब्द येत नव्हता. वर्षभरात सासूनं शिकवलं. म्हणजे बसून नाही, कामं सांगून. मीठ आण, दार लाव, दूध उतू जातंय. पुढं दूधवाली, कासार, शेजारच्या लिंगायतांच्या सुना, सगळ्यांशी कानडीच. घरात नवऱ्याशी मराठी आणि सासूशी कानडी. एकाच वाक्यात दोघांना उत्तर द्यायची वेळ आली तर वाक्य अर्ध्यावर भाषा बदलायचं आणि कुणाला काही वाटायचं नाही. मार्चमध्ये फॉर्म आला तेव्हा त्यांनी ‘येते’ लिहायला क्षणभरही विचार केला नव्हता. माशाला विचारलं, तर तोही पोहता येतं असंच लिहील.

लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतल्या मुलींच्या शाळेत त्या बारा वर्षं मराठी दुसरी शिकवत होत्या. सुट्टी लागली की आदल्या वर्षीच्या लग्नपत्रिका गोळा करायच्या. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर जाड बोरूनं अक्षरं काढायची, कातरायची, दोऱ्यात ओवायची. पापड वाळत घातले की कावळे हाकायला काठी घेऊन अंगणात बसावं लागायचं. तेवढ्या वेळात वर्गाचं सगळं काम व्हायचं. दोन्ही मुलं सुट्टीत कलघटगीला आजीच्या माहेरी जायची, त्यामुळं घर मोकळं. जूनला पापडांचे डबे भरलेले आणि पत्रिकांची पेटी भरलेली, असा त्यांचा उन्हाळा संपायचा. हे १९३८ साल होतं आणि पेटी रिकामी होती. कुठली अक्षरं काढायची?

दुसऱ्या दिवशी त्यांनी कानडी पहिलीचं पुस्तक आणलं. उघडलं, बघितलं, मिटलं. सगळी अक्षरं एकमेकींच्या बहिणी दिसत होत्या.

“काय आहे ते?” स्वयंपाकघरातून सासूनं विचारलं.

वेणूबाई साठीच्या. सोवळं नेसून लाट्या करत होत्या, आणि सोवळ्यात असताना छापील कागदाला शिवायच्या नाहीत.

“काही नाही, अव्वा. पुस्तक.”

“लांबूनच धर. उघड.”

शालिनीबाईंनी उंबऱ्याबाहेरून पुस्तक उघडून धरलं. वेणूबाईंनी डोळे बारीक केले, आणि लाटी मळता मळता पहिल्या पानावरचे सहा शब्द धडाधड वाचून टाकले.

“अव्वा?”

“काय?”

“तुम्हाला वाचता येतं?”

“माझे वडील कलघटगीला शाळा चालवायचे. दासांची कानडी पदं मी स्वतः वहीत उतरवून आणलीयत. ट्रंकेत आहेत.”

“कधी सांगितलं नाहीत.”

“कुणी विचारलं?” त्यांनी पोळपाटावर पीठ भुरभुरलं. “इथं बस. आणि शिवू नकोस मला.”

त्यांनी बोटानं पिठात एक अक्षर काढलं. चकलीचं पहिलं वेटोळं असावं तसं. पुसलं. दुसरं काढलं.

“मी शिकवत नाहीये. मला शिकवायला वेळ नाही, दोन शेर पीठ पडलंय. मी काढते, तू बघ.”

मग रोज असं चाललं. सकाळी सोवळ्यात पिठावर, दुपारी अंगणात वहीवर. वेणूबाईंची पद्धत शाळेतल्या कुणाला पटली नसती. त्यांनी मुळाक्षरं क्रमानं शिकवलीच नाहीत. रोज संध्याकाळी घरात म्हटलं जाणारं, शालिनीबाईंना झोपेतही पाठ असलेलं एक पद वहीत काढून दिलं आणि म्हणाल्या, “तोंडाला येतंय. आता बोट ठेवून म्हण. तोंड पुढं गेलं की बोटाला थांबव.” बोट मागं राहायचं, तोंड पुढं पळायचं. चौथ्या दिवशी दोन्ही बरोबर चालायला लागली. आठव्या दिवशी पाठ नसलेलं पद दिलं आणि शालिनीबाई घामाघूम झाल्या.

“हे काय असेल?”

“मला काय विचारतेस? दूधवालीशी रोज हाच शब्द बोलतेस.”

त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. एक, दोन, तीन अक्षरं. आणि एकदम तो शब्द त्यांच्या कानात दूधवालीच्या आवाजात बोलला.

वादिराजराव हे सगळं बघत होते. बारा तारखेला त्यांनी सुवाच्य मराठीत लिहिलेला राजीनामा देव्हाऱ्याजवळ ठेवला, वर पितळी घंटा. रोज जेवताना विचारायचे, “झाली सही?”

“अजून आठ दिवस आहेत.”

“आठ दिवसांत दुसरी शिकवण्याइतकं लिहायला येणार तुला?”

“अव्वा म्हणतात—”

“अव्वाला काय कळतंय?” ते आईसमोरच म्हणाले. वेणूबाईंनी त्यांच्या पानात गरम पापड वाढला.

खरं तर शालिनीबाईंनाही तेच भय होतं. वाचायला येऊ लागलं होतं, पण खडू घेऊन फळ्यावर, चाळीस मुलींच्या डोळ्यांसमोर? शब्द लिहायला घेतला की हात मराठीच्या वाटेला जायचा, वर रेघ ओढायचा. सतरा तारखेला दुपारी त्यांनी एक ओळ चार वेळा लिहिली, चार वेळा चुकली. काठी टाकून नुसत्या बसून राहिल्या. एका कावळ्यानं पापड नेला तरी उठल्या नाहीत.

वीस तारीख उजाडली. पापड खडखडीत वाळले होते, डबे भरायचे होते. तळाला घालायला कागद हवेत म्हणून शालिनीबाईंनी कपाटातला ऑफिसच्या रद्दीचा गठ्ठा काढला. जुन्या तारखांचे कागद, फाटके लिफाफे, आणि मधेच कमिटीच्या शिक्क्याचं ते पत्र.

त्या खाली बसल्या. बोट ठेवलं.

पहिली ओळ वादिराजरावांनी सांगितली तशीच होती. मराठी वर्ग बंद. दुसरी ओळ, कानडी दुसरी. तिसऱ्या ओळीला त्या अडल्या, परत गेल्या, परत आल्या. मग उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेल्या.

“अव्वा, हे मी बरोबर वाचतेय का?” आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं. ज्या शिक्षिकांना कानडी बोलता येते पण लिहिता येत नाही, त्यांनी तसे वीस मेपर्यंत कमिटीच्या धारवाडच्या कचेरीत लेखी कळवावे. त्यांना शिकण्यास दिवाळीपर्यंत मुदत दिली जाईल. तोवर पहिलीचा तोंडी वर्ग घ्यावा. न कळवणारांचे नाव कमी होईल.

वेणूबाईंनी पत्र पुन्हा धरायला लावलं, स्वतः वाचलं. “बरोबर वाचलंस.”

“आज वीस आहे.”

“मग इथं का उभी आहेस?”

शालिनीबाईंनी बोरू घेतला. चार ओळी लिहायला तास गेला. कानडीत. वेणूबाईंनी उंबऱ्यापलीकडून दोन दुरुस्त्या सांगितल्या आणि शेवटी ओठ मुडपून म्हणाल्या, “‘मला कानडी लिहिता येत नाही,’ हे कानडीत लिहून देतेस. विश्वास कोण ठेवील?”

“अक्षर बघून ठेवतील.”

त्यांनी लुगडं बदललं. रायापूरवरून धारवाडला जाणारी मोटार अडीचला सुटायची. दीडला वादिराजराव जेवायला आले. टोपी काढायच्या आधीच त्यांनी देव्हाऱ्याकडं बघितलं. घंटा होती, खाली कागद नव्हता.

“केलीस सही? दे. विठ्ठलरावसाहेब दोन वाजता मीटिंगच्या तयारीला धारवाडला निघतायत.”

“तो डब्यात आहे.”

“कुठल्या डब्यात?”

“पापडाच्या. तळाशी.” शालिनीबाईंनी पत्र पुढं धरलं. “हे तुमच्या रद्दीत सापडलं. तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

“सगळं सांगितलं होतं.”

“दिवाळीचं नाही सांगितलंत.”

“कसली दिवाळी?”

पंधरा दिवस शालिनीबाई या भांडणाची तयारी न करता करत होत्या. तुम्हाला मी घरात हवी होते, म्हणून लपवलंत, हे वाक्य अगदी जिभेवर होतं. पण ‘कसली दिवाळी’ म्हणताना नवऱ्याचा चेहरा लपवणाऱ्याचा नव्हता. खरंच काही न कळलेल्या माणसाचा होता. बारा वर्षं वर्गात त्या असे चेहरे बघत आल्या होत्या. पाटी छातीशी धरून, बाईंचं लक्ष दुसरीकडं जाईल अशी वाट बघणारे.

“तिसरी ओळ आहे,” त्या हळू म्हणाल्या. “वाचा.”

वादिराजरावांनी पत्र घेतलं. डोळे ओळीवरून एका संथ चालीनं गेले, न अडता, न थांबता, जणू आगगाडीतून बाहेर बघतायत. खाली सहीपर्यंत गेले. मग कागद उलटून मागची कोरी बाजू बघितली.

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला.

“साहेब म्हणाले, नाव मागं घ्यायचं तर वीसच्या आत घ्या, बाकी पत्रात आहे, वाचलंच असेल तुम्ही,” वादिराजराव म्हणाले. “मी म्हटलं, हो.”

“बाळाचार्यांना दाखवायचं.” बाळाचार्य म्हणजे ऑफिसातला दुसरा कारकून.

“ऑफिसचे कागद तोच वाचतो. मी म्हणतो, तू वाच, मी मुद्दे काढतो. वीस वर्षं. घरचं पत्र कसं वाचून घेऊ त्याच्याकडून?” त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “मुंजीनंतर सांगलीला काकांकडं शिकलो मी. इथं आलो तेव्हा साहेबांच्या वडिलांनी विचारलं, कानडी येते का. मी म्हटलं, येते.”

वांग्यांच्या त्या टोमण्याची आठवण शालिनीबाईंना झाली नाही असं नाही. वाक्य तयार होतं.

“पत्र द्या,” त्या म्हणाल्या. “ते जोडायचंय.”

त्यांनी दिलं. शालिनीबाईंनी आपल्या चार ओळींच्या कागदाबरोबर त्याची घडी केली, पिशवीत ठेवलं, खुंटीवरची छत्री काढली. वादिराजराव दाराशीच उभे होते. बाजूला झाले, पण अर्धेच.

“ऑफिसात कळलं तर मला तिथं बसता येणार नाही. साहेब तिथंच असतील, धारवाडला. विचारतील, नवऱ्यानं वाचून दाखवलं नाही का.” आणि मग, घरात आई ऐकतेय हे विसरून, कानडीत, जी ते बायकोशी कधी बोलत नसत, “तू काय सांगणार आहेस त्यांना?”

शालिनीबाईंनी त्यांच्याकडं एकदा नीट बघितलं. पायात वहाणा सरकवल्या, छत्री उघडली, आणि वाळलेल्या पापडांच्या कडेकडेनं अंगण ओलांडून रस्त्याला लागल्या.